नववी ‘ब’ला वाटलेल्या समस्या

“मॅडम, मला पिंपल्स नकोत. मला डिप्रेशन द्या.”

हे म्हणणारी मुलगी नववी ‘ब’ची मॉनिटर स्वाती डोके. तिची तक्रार रास्त होती. पिंपल्सला जेमतेम चार वाक्यं होती, डिप्रेशनला चांगली सात. शिवाय डिप्रेशनमध्ये रडण्याचा अभिनय करायला मिळायचा.

“डिप्रेशन इरफानला दिलंय,” मी म्हटलं.

“त्याला कशाला? त्यो बघा, दात काढतोय.”

इरफान शेख खरोखरच दात काढत होता. “मॅडम, मी हसत हसत करतो की डिप्रेशन,” तो म्हणाला. “आतून असतंय ते.”

मागच्या बाकावरून बालाजी उठला. “मॅडम, मला पॉकेटमनी आलाय. पॉकेटमनी म्हंजे काय?”

“आईवडील मुलांना वरखर्चाला पैसे देतात ते. तुझी समस्या अशी, की ते तुला कमी देतात.”

“आमच्यात देतच न्हाईत.”

“मग तुझी समस्या मोठी आहे. पण तू छोटीच बोलायची.”

बालाजी खाली बसला. आपली समस्या पुस्तिकेपेक्षा मोठी निघाली याचा त्याला थोडा अभिमान वाटलेला दिसला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी करमाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या अनुदानित शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षी ग्रामीण मुलांनी घडाघडा इंग्रजी बोलावं असं पुण्यातल्या एका संस्थेला वाटलं. तसं वाटल्यामुळे तिनं एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका छापली आणि आम्हा शिक्षकांना सोलापूरला बोलावून प्रशिक्षण दिलं. पुस्तिकेतला सातवा घटक होता ‘किशोरवयीन मुलांच्या सर्वसामान्य समस्या’. त्याची रीत ठरलेली होती. मुलानं उभं राहून आधी समस्या सांगायची, मग भावना सांगायची, आणि शेवटी सगळ्या वर्गानं एका सुरात सल्ला द्यायचा. सल्ल्याची सुरुवात ‘यू शुड’नंच व्हायला हवी. भावना तीनच होत्या: सॅड, लोनली आणि कन्फ्यूज्ड. चौथी भावना झालीच तर काय करायचं, याबद्दल पुस्तिका गप्प होती.

समस्या थोड्या आणि मुलं जास्त, त्यामुळे मी त्या हजेरीच्या क्रमानं वाटून टाकल्या. मुरुम, मोबाईलचं व्यसन, हुशार थोरल्या भावाशी होणारी तुलना, आपण ऐकतो ती गाणी आईवडिलांना न आवडणं. एक समस्या अशी होती, की आई दार न वाजवता माझ्या खोलीत येते. ती आली दत्ता शेंडगेच्या वाट्याला. दत्ताच्या घरी दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या एकीत शेळ्या. तो बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग म्हणाला, “मॅडम, पण दार कोणतं धरायचं?”

“कोणतंही धर.”

“बरं. गोठ्याचं धरतो.”

तास संपला. मुलं आपापल्या समस्या पाठ करत बाहेर पडली. कांचन वाघमोडे मागे थांबली. शिडशिडीत, काळीसावळी, कपाळावर कायम आठी घातलेली मुलगी. स्वातीनं नाकारलेले पिंपल्स शेवटी तिच्या गळ्यात पडले होते.

“मॅडम, स्वतःची समस्या घेतली तर चालंल का?”

“कुठली?”

तिनं नुसतं खिडकीबाहेर बघितलं. बोलायची गरजही नव्हती. तिची समस्या मला ठाऊक होती, कारण तीच माझीही होती.

आमच्या शाळेत मुलींसाठी एक संडास होता. होता म्हणजे अगदी देखणा होता. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी तो आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ बांधून दिला होता. पांढऱ्या टाइल्स, नळ, आरसा, आणि दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी. तो बांधायला जागा हवी म्हणून जुना संडास पाडला गेला. उद्घाटनाला फीत कापली, नारळ फोडला, पेढे वाटले आणि संध्याकाळी मुख्याध्यापक खटके सरांनी त्याला कुलूप घातलं. ते कुलूप तेव्हापासून तसंच होतं.

खटके सर वाईट माणूस नव्हते. त्यांना स्वच्छता प्राणापलीकडे प्रिय होती, एवढंच. त्यांच्या ऑफिसातल्या नव्या खुर्च्यांचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. काचेच्या कपाटात कपबश्यांचा एक सेट होता, तो साहेब लोक आले तरच बाहेर निघायचा. एरवी आम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचो. आपल्याकडे घराघरात हे चालतं. चांगली चादर पाहुण्यांना, आणि घरच्यांनी गोधडीवर निजायचं. सरांनी तोच नियम संडासाला लावला. चांगली वस्तू आहे, तेव्हा ती पाहुण्यांसाठी ठेवायची. वापरली तर खराब होईल.

शाळेच्या मागे पूर्वी वेड्या बाभळीचं बन होतं, तेवढा आडोसा होता. रस्ता रुंद झाला आणि बन गेलं. मी आणि शिवणाच्या मुल्ला मॅडम मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून समोर राहणाऱ्या नलू आक्कांच्या घरी जायचो. एकदा मी सोबत चार मुली नेल्या. दुसऱ्या दिवशी नलू आक्कांचे यजमान दारातच बसले होते. “मॅडम, तुमी दोघी या. तुमचं आमाला जड न्हाई. पण शाळा तुमची आन संडास आमचा, ह्ये कसं जमायचं?” त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग मुलींनी आपला उपाय आपणच शोधला. त्यांनी पाणी प्यायचं बंद केलं. सकाळी घरून निघताना भाकरी कोरडी खायची आणि थेट संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावायचा. उन्हाळ्यातसुद्धा. कांचनला त्या वर्षी याचा त्रास दोनदा झाला. जळजळ, ताप, ओटीपोटात कळा. दुसऱ्या खेपेला तिची आई तिच्यासोबत थेट शाळेत आली.

“मॅडम, डाक्टर म्हणतो पोरगी पाणी पेत न्हाई. मी म्हणते का पेत न्हाईस गं भवाने, तर तोंड उघडंना. पुन्यांदा अशी पडली तर मी काय हिला शाळंत धाडायची न्हाई. तिचा बाप तर आत्ताच म्हणतोय, बसू दे घरी, नववी लई झाली.”

मी कारण सांगितलं. बाईनं ते नीट ऐकून घेतलं.

“मंग कुलूप कुनाचं हाय?”

मी तिला घेऊन खटके सरांकडे गेले. सरांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, म्हणजे प्लॅस्टिक घातलेल्या खुर्चीत, आणि फार गोड बोलले.

“वाघमोडेताई, तुमची मुलगी ती आमची मुलगी. स्वच्छ शाळेची तपासणी झाली की लगेच उघडणार.”

“कधी हाय तपासणी?” मी विचारलं.

“मॅडम, ती अचानक असते. कळवून येत नाहीत.”

“मग उघडणार कधी?”

“अहो, अचानक असते म्हणूनच तर कायम तयार राहावं लागतं.”

कांचनच्या आईनं माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि पदर खोचत उठली. “म्हंजे न्हाईच उघडायचं,” ती म्हणाली. “आसं सरळ सांगा की.”

जाताना फाटकात तिनं मला पुन्हा बजावलं, “एकदा. आता फकस्त एकदा. पुन्यांदा पोरगी पडली, की शाळा बंद.”

मी शिक्षणसंस्थेकडे अर्ज केला होता. पालक सभेत विषय काढला होता, तेव्हा अण्णासाहेबांनी आपल्या मातोश्रींच्या आठवणी सांगितल्या होत्या आणि दोन-तीन पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुलूप काही निघालं नव्हतं.

तर कांचन माझ्यासमोर उभी होती आणि विचारत होती, स्वतःची समस्या चालेल का. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक टीप होती. मुलांनी स्वतःच्या अनुभवातली समस्या मांडल्यास अधिक उत्तम. मी ती टीप घेऊन खटके सरांकडे गेले. कुणाचं नाव घेतलं नाही.

“नको नको,” सर म्हणाले. “पुस्तिकेतल्याच ठेवा. पुस्तिकेतल्या समस्या तपासून घेतलेल्या असतात. आणि मॅडम, आदर्श पाठ आहे आपल्याकडे. पुण्याच्या संस्थेच्या परचुरे मॅडम स्वतः येणार, सोबत विस्तार अधिकारी लोंढे साहेब. अख्ख्या तालुक्यातून आपली शाळा निवडली. उगाच धोका नको.”

मी कांचनला सांगितलं, पिंपल्सच बोल. ती बरं म्हणाली. दोन दिवसांनी तासाला येऊन तिनं विचारलं, “मॅडम, जळजळीला इंग्रजीत काय म्हणतात?”

“बर्निंग.”

“आन कुलूप लावलेलं?”

मी तेही सांगितलं. कुणी शब्द विचारला तर शब्द सांगायचा, त्यासाठीच मला पगार मिळतो.

आदर्श पाठाच्या दिवशी शाळेचं रूप पालटलं. मैदानावर सडा टाकला होता. फाटकाला आंब्याची तोरणं होती. कपाटातल्या कपबश्या बाहेर निघाल्या, धुतल्या गेल्या, पुसल्या गेल्या आणि पुन्हा एकदा पुसल्या गेल्या. शिपाई बाबूमामा सकाळपासून फिनेलची बादली घेऊन फिरत होते. त्यांनी संडास उघडून धुतला, आरसा लख्ख केला आणि सरांच्या देखत परत कुलूप लावलं. मुलींनी हे सगळं व्हरांड्यातून पाहिलं.

परचुरे मॅडम पांढऱ्याशुभ्र सुती साडीत होत्या, बोलायला गोड, हसायला मोकळ्या. त्या वर्गात शिरल्या आणि मुलांना म्हणाल्या, “आज मी तज्ज्ञ म्हणून नाही, तुमची मैत्रीण म्हणून आलेय. घाबरायचं नाही. मनातलं बोलायचं.” लोंढे साहेब मैत्रीण म्हणून आले नव्हते. ते गुणांचा तक्ता घेऊन पहिल्या बाकावर बसले. खटके सर दाराशी उभे राहिले, हात मागे बांधून, लग्नात वधूपिता उभा राहतो तसे.

पाठ सुरू झाला. बालाजीला पैसे कमी मिळाले. वर्गानं त्याला काटकसर करायला सांगितलं. दत्ताची आई दार न वाजवता आत आली. वर्गानं दत्ताला आईशी मोकळेपणानं बोलायला सांगितलं. इरफाननं हसू दाबत डिप्रेशन केलं, आणि दाबलेल्या हसण्यानं त्याचे खांदे असे हलले की तो हुंदके देतोय असं वाटलं. परचुरे मॅडमनी रुमाल काढला. “किती संवेदनशील मुलगा!” त्या लोंढे साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी काहीतरी लिहिलं.

मग कांचन उठली. दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी, गणवेश आदल्या दिवशी धुवून गादीखाली दाबलेला. ती माझ्याकडे न बघता परचुरे मॅडमकडे बघत बोलायला लागली.

“गुड मॉर्निंग. माय नेम इज कांचन. आय डोन्ट ड्रिंक वॉटर इन स्कूल. नॉट वन ग्लास.”

दारातले खटके सर जरा पुढे झुकले.

“आय हॅव बर्निंग. आय हॅव फीव्हर. डॉक्टर सेज, ड्रिंक वॉटर. मदर सेज, वन मोअर टाइम सिक, नो स्कूल.” ती थांबली. श्वास घेतला. “आय फील अँग्री.”

ही भावना पुस्तिकेत नव्हती. पण वर्गाच्या ते लक्षात आलं नाही. वर्गाला एवढंच ठाऊक होतं, की कांचन म्हणजे पिंपल्स. त्यामुळे तिचं बोलणं थांबताच सगळा वर्ग पाठ केल्याप्रमाणे एका सुरात गरजला:

“यू शुड ड्रिंक प्लेन्टी ऑफ वॉटर! यू शुड नॉट टच इट! यू शुड वॉश युवर फेस!”

परचुरे मॅडमनी टाळ्या वाजवल्या. लोंढे साहेबांनीही पेन खाली ठेवून वाजवल्या.

कांचन बसली नाही. पुस्तिकेप्रमाणे सल्ला मिळाल्यावर ‘थँक यू, फ्रेंड्स’ म्हणून बसायचं असतं. ती तशीच उभी राहिली.

“इफ आय ड्रिंक,” ती म्हणाली, “देन व्हेअर आय गो? टॉयलेट इज लॉक्ड. न्यू टॉयलेट. एव्हरी डे लॉक्ड. ओन्ली फॉर गेस्ट.”

वर्ग गप्प झाला. यापुढचं त्यांना पाठ नव्हतं. खटके सरांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग वांग्याच्या रंगाचा झाला. मला वाटलं, झालं. सांगितलं एकदाचं, आणि तेही साहेबांच्या तोंडावर. आता हे लोक विचारतील, कुठाय टॉयलेट, कुठाय किल्ली. मी खडू हातात तसाच धरून उभी होते.

मागून इरफाननं शांततेला घाबरून एकट्यानंच आरोळी दिली, “यू शुड टॉक टू युवर पेरेंट्स!”

वर्गाला धीर आला. सगळे म्हणाले, “यू शुड टॉक टू युवर पेरेंट्स!”

“वा!” परचुरे मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. “वा, वा! हे हवं होतं मला. साहेब, बघितलंत? बाकीची मुलं पाठ केलेलं बोलत होती, पण ही मुलगी भूमिकेत इतकी शिरली, इतकी शिरली, की क्षणभर मला ते खरंच वाटलं!”

“आणि विषयही सध्याचा घेतलाय,” लोंढे साहेब म्हणाले. “स्वच्छतेचा. शासनाचं धोरणच आहे.”

“मॅडम,” मी म्हटलं, “ते खरंच आहे.”

“अर्थातच!” परचुरे मॅडम माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. “खेड्यापाड्यांत आजही कितीतरी शाळांत हे खरं आहे. तुम्ही मुलांना समाजाकडे बघायला शिकवताय. खूप मोठं काम आहे.”

“मी या शाळेबद्दल बोलतेय. ते कुलूप—”

“जगदाळे मॅडम,” दारातून खटके सरांचा आवाज आला. रंग परत जागेवर आला होता. “चहा निवतोय. आमच्या शाळेत मुलांच्या कल्पनाशक्तीला आम्ही पूर्ण वाव देतो, मॅडम. पूर्ण. या, या.”

कल्पनाशक्ती. पोरीला दोनदा ताप आला, तिच्या आईनं शेळी विकून डॉक्टर केला, आणि ही कल्पनाशक्ती. माझ्या तोंडापर्यंत जे आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिघंही ऑफिसकडे गेली. कांचन अजून उभीच होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “त्यांना इंग्लिश कळत न्हाई का?”

“कळतं गं.”

“मंग मी चुकले का कुठं?”

“एक अक्षर चुकली नाहीस.”

मग तिनं विचारलं, “वर्गानं सांगितलं पाणी पी. त्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. म्हंजे त्यांचं पण तेच म्हननं हाय ना?”

“हो, तसंच धर.”

“मंग पिते.”

ती वर्गाबाहेर पडली आणि मैदानाच्या कडेला असलेल्या टाकीपाशी गेली. नळाखाली ओंजळ धरून ती पाणी प्यायला लागली. एक ओंजळ, दुसरी, मग मोजदाद सुटली. मधली सुट्टी झाली होती. मुली खिडकीत, व्हरांड्यात थबकून बघत होत्या, कारण त्या नळावर मुलगी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. कांचननं तोंड पुसलं, पोटावर हात ठेवला आणि परत ओंजळ धरली. मग स्वाती डोके गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. थोड्या वेळात नळावर अशी गर्दी झाली, की पाणी प्यायला आलेल्या इरफानला, “ए, सरक बाजूला, पोरींचं चाललंय,” असं ऐकून घ्यावं लागलं.

ऑफिसात चहा झाला. मला स्टीलचा पेला मिळाला, कारण कप साहेबांपुरतेच होते. परचुरे मॅडमनी खटके सरांच्या कानाशी लागून हळूच काही विचारलं. सरांचा चेहरा असा उजळला, की जणू या एका प्रश्नासाठीच ते इतकी वर्षं थांबले होते.

“आहे ना! अगदी आहे. या, मी स्वतः दाखवतो.”

सर स्वतः निघाले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढत. पाठोपाठ परचुरे मॅडम, त्यांच्यामागे मी. मला का जावंसं वाटलं ते सांगता येणार नाही, पण चहाचा पेला मी तसाच टेबलावर ठेवला होता. सरांनी कुलूप काढलं, दार उघडलं, आणि दोन पावलं मागे सरून अदबीनं उभे राहिले.

परचुरे मॅडम आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा भारावलेल्या होत्या. “किती स्वच्छ! शहरातल्या शाळांमध्येसुद्धा असं बघायला मिळत नाही. आणि हे सगळं मुलींसाठी?”

“मुलींसाठीच,” खटके सर म्हणाले. “आमचे अण्णासाहेब नेहमी म्हणतात, लेक ही घराची—”

“मग जाऊ का सर?”

कांचन आमच्या मागे उभी होती. कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग परचुरे मॅडमकडे बघितलं. परचुरे मॅडम कौतुकानं हसत होत्या. “अरे, ही तर आपली अभिनेत्री!”

“जा की बाळा,” सर म्हणाले. आवाज दोरीवरून चालल्यासारखा निघाला. “विचारतेस काय? तुमचंच आहे.”

कांचन आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तोवर स्वाती येऊन उभी राहिली होती. स्वातीच्या मागे नववीच्या मुली, त्यांच्या मागे आठवीच्या. कुणी धक्काबुक्की केली नाही, आरडाओरडा केला नाही. रांग टाकीपाशी वळली आणि व्हरांड्याच्या कडेनं वाढत गेली. परचुरे मॅडमनी कौतुकानं मान हलवली. “शिस्त बघा. न सांगता रांग!” त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि रांगेचा फोटो घेतला. खटके सरांनाही त्यात उभं केलं. सर फोटोसाठी हसले. कुलूप त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी पाठीमागे धरलं.

मग पाहुण्यांची जीप फाटकाबाहेर गेली. धूळ खाली बसली. सर हात हलवायचे थांबले आणि वळले.

“चला. झालं. घंटा होईल आता. सगळ्या वर्गात.”

कुणीही हललं नाही.

“ऐकू येतंय का? डोके, तू मॉनिटर ना? ने यांना.”

“सर, पाणी प्यालोय आमी,” स्वाती म्हणाली.

सरांनी दारावर टकटक केली. “कोण आहे आत? वाघमोडे, बाहेर ये.”

“जरा दम काढा, सर,” आतून आवाज आला. “लई दिसांनी आलेय.”

रांगेत पहिल्यांदा हसू फुटलं. ते पसरत टाकीपर्यंत गेलं. सर माझ्याकडे वळले. “मॅडम, हे तुम्ही शिकवलंत.”

“नाही सर. पुस्तिकेतलं आहे.”

“मग आता या पोरींना आवरा.”

मी त्यांच्यासमोरून चालत गेले, रांगेच्या शेवटी, पाचवीच्या मुलींच्या मागे, आणि तिथं उभी राहिले. मुल्ला मॅडम शिवणाच्या वर्गाच्या दारात होत्या. त्यांनी मला बघितलं, मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं आणि येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. “नलू आक्कांना आज सुट्टी,” त्या म्हणाल्या.

घंटा झाली. बाबूमामांनी ती दिली आणि ते तसेच घंटेची दोरी धरून बघत राहिले. खटके सर दारापाशी उभे होते. त्यांच्या हातात कुलूप होतं, आणि दाराची कडी आतून लागलेली होती.

मग कडी निघाली. कांचन बाहेर आली. चेहऱ्यावर पाणी मारलेलं, वेण्या पुन्हा घातलेल्या. आरशाचा उपयोग करून घेतला होता. स्वाती सरांच्या बाजूनं, त्यांना कोपरही न लागू देता, आत शिरली आणि कडी परत लागली.

कांचननं सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. ती मैदान ओलांडून टाकीपाशी गेली, नळ सोडला आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली. मग नळ बंद केला, ओले हात झग्याला पुसले आणि मुल्ला मॅडमच्या मागे, रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली.